आईबाबांसाठी सॅन होजेत मोबाइल होम घ्यावं का? जागाभाडं, शहराचा कायदा आणि नाव कोणाचं

पोटमाळा

नमस्कार मंडळी. आईबाबांना ग्रीन कार्ड मिळालं आणि दोघं आता कायमचे इकडे कॅलिफोर्नियात आलेत. दोन बेडरूमच्या टाउनहोममध्ये आम्ही सहाजण. बाबा पहाटे पाचलाच अंघोळ उरकतात, कारण सातनंतर बाथरूमबाहेर नातवंडांची रांग लागते. कोणी काही बोलत नाही, पण दोघांचीही घुसमट होतेय हे कळतं.

आमच्यापासून दहा मिनिटांवर, सॅन होजेतच, ५५ च्या पुढच्या लोकांसाठी एक मोबाइल होम पार्क आहे, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून बसवलेल्या घरांची वसाहत. तिथलं एक डबलवाइड (दोन भाग जोडून केलेलं घर) पाहिलं. दोन बेडरूम, पुढे छोटा व्हरांडा, कारपोर्ट, मागे आईला कढीपत्ता लावता येईल एवढी जागा. मागताहेत २ लाख ८० हजार डॉलर. जमीन अर्थातच पार्कची, तिचं भाडं महिन्याला १३०० डॉलर.

शंका अशा. घर आपलं, जमीन त्यांची, मग उद्या भाडं दुप्पट केलं तर? पार्कच विकून तिथे इमारती उठल्या तर म्हातारा-म्हातारीने जायचं कुठे? ऑफिसातल्या बाई पाच वर्षांचा करार पुढे करताहेत, 'पहिल्या वर्षी भाडेवाढ नाही' म्हणून. तो घ्यावा का? कर्ज मलाच मिळणार, म्हणून घरही माझ्याच नावावर घ्यायचा विचार आहे. तेवढं सोपं पडेल.

शहर किंवा काउंटी (इथला जिल्हा) अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी खरंच काही करते, की सगळं मालकाच्या मर्जीवर? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

---

हिशेबी

माझं मत विचाराल तर नको. घराची किंमत घसरते, जमिनीची वाढते, आणि तुम्ही विकत घेताय ते घर. कर्जही साध्या गृहकर्जाच्या दराने मिळत नाही. जमीन तारण नसल्याने बँक त्याला गाडीच्या कर्जासारखं धरते, व्याज जास्त, मुदत कमी. त्यात जागेचे १३०० दर महिन्याला. त्यापेक्षा जवळपास एक बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने घ्या. नाही पटलं तर सोडता येतं.

---

शेवंती

हिशेबींचं गणित कागदावर बरोबर आहे. पण सत्तरीतल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, लिफ्ट बंद आणि वर कोणीतरी रात्री दोनला फर्निचर सरकवतंय, ही त्याची दुसरी बाजू. आम्ही दोघं यांच्या निवृत्तीनंतर सॅन होजेतल्याच एका पार्कात आलो. मी इथल्या रहिवासी संघटनेची सेक्रेटरी. पद मोठं वाटतं, काम म्हणजे पत्रकं वाटणं, क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडणं आणि सिटी हॉलमध्ये कार्ड भरून दोन मिनिटं बोलणं. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पोटमाळा, तू प्रश्न चांगले विचारलेस. पण सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटी एका ओळीत उरकलीस, 'माझ्याच नावावर, सोपं पडेल'. तिच्याकडे येतेच.

आधी भाडं. कॅलिफोर्नियात राज्याचा मोबाइल होम रेसिडेन्सी लॉ आहे, सिव्हिल कोडचं कलम ७९८ आणि पुढची. सगळे त्याला एमआरएल म्हणतात. भाडेवाढीची लेखी नोटीस ९० दिवस आधी दिली पाहिजे, ठरावीक कारणांशिवाय कोणाला काढता येत नाही, रहिवाशांना क्लबहाउसमध्ये सभा घेऊ दिली पाहिजे, हे सगळं त्यात आहे. पण भाडं *किती* वाढवायचं याबद्दल तो कायदा जवळजवळ गप्प आहे. ते शहरांवर आणि काउंटींवर सोडलंय. राज्यात शंभराच्या आसपास शहरं-काउंटींनी स्वतःचे नियम केलेत, बाकीच्यांनी नाहीत. म्हणून घर बघताना काउंटरटॉप ग्रॅनाइटचा आहे का हे नंतर. पार्क कोणत्या शहराच्या हद्दीत आहे, ते आधी.

सॅन होजेचा नियम असा की वर्षाला महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्के वाढ, पण ३ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि ७ पेक्षा जास्त नाही. तुझ्या १३०० वर म्हणजे कमीत कमी ३९ आणि जास्तीत जास्त ९१ डॉलर. महागाई अगदी झोपलेली असली तरी मालकाला ३ टक्के मिळतातच, यावरून आमच्याकडे दरवर्षी कुरकुर असते आणि ती रास्त आहे. सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) जगणाऱ्याचं उत्पन्न काही दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत नाही. तरी दुप्पट होणार नाही एवढं नक्की. मालकाला याहून जास्त हवं असेल तर शहरापुढे अर्ज करून हिशेब दाखवावे लागतात.

अशा नियमांना मालकांनी कोर्टात खेचलं नाही असं नाही. सॅन डिएगो काउंटीतल्या एस्कोंडिडो शहरात १९८८ साली मतदारांनी नियम केला की भाडी १९८६ च्या पातळीवर न्यायची आणि सिटी कौन्सिलच्या परवानगीशिवाय वाढवायची नाहीत. तिथल्या पार्कमालकांचं म्हणणं, ही तर आमच्या जमिनीवरची जप्तीच झाली. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९२ साली 'यी विरुद्ध एस्कोंडिडो' या खटल्यात कोर्टाने सांगितलं की नाही, भाडं ठरवून देणं म्हणजे जमीन ताब्यात घेणं नव्हे, जमीन भाड्याने द्यायचा निर्णय मालकांनीच घेतला होता. त्याच निकालपत्रात एक आकडा आहे. एकदा बसवलेल्या शंभर मोबाइल होमपैकी जेमतेम एक पुन्हा हलतं. हलवायचा खर्च अफाट, आणि जुनं घर घेणारं दुसरं पार्क मिळत नाही. अपार्टमेंटवाला भाडं नाही पटलं तर सामान भरून निघतो. आम्ही काय करणार, दोन लाखांचं घर तिथेच टाकून जाणार? शहरांनी यात पडायचं कारण हे आहे.

आता करार. पाच वर्षांच्या कराराची ही युक्ती जुनी. पूर्वी १२ महिन्यांपेक्षा लांब करार केला की तो शहराच्या भाडेनियंत्रणातून सुटायचा. म्हातारी माणसं पहिल्या वर्षाच्या सवलतीवर भुलून सही करायची आणि मग वाढ करारात लिहिली असेल तशी. २०२० मध्ये एबी २७८२ नावाचा राज्याचा कायदा झाला. १३ फेब्रुवारी २०२० नंतरच्या करारांची ती पळवाट बंद झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अपवादच रद्द झाला. म्हणजे आता लांब करार केला तरी शहराचा नियम लागू राहतो. तरीही मी म्हणेन, १२ महिन्यांचा मागून घे. तो तुला देऊ करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ऑफिसात 'आमच्याकडे असाच असतो' म्हणाल्या तर कलम ७९८.१८ म्हण. आकडा उच्चारला की टेबलापलीकडचा आवाज जरा खाली येतो.

आणि आता नाव. एमआरएलचं कलम ७९८.२१ आज रात्री वाचून काढ. घराच्या मालकाचं ते *मुख्य* राहतं घर नसेल, आणि त्याने ते दुसऱ्याला भाड्यानेही दिलेलं नसेल, तर त्या जागेला शहराचं भाडेनियंत्रण लागूच होत नाही. ठरवतात कसं? मॅनेजमेंट सरकारी नोंदी बघतं. तू स्वतःच्या टाउनहोमवर होमओनर्स एक्झेम्प्शन (राहत्या घराला मालमत्ता करात मिळणारी सूट) घेतलेलं असणार, सगळेच घेतात. ती काउंटीकडची नोंद. एक पान छापून काढलं की सिद्ध झालं, या माणसाचं मुख्य घर दुसरीकडे आहे. आईबाबा तिथे बारा महिने राहत असले तरी कागदावर ते मालक नाहीत.

हे घाबरवायला सांगत नाही. आमच्या ओळीतल्या एका बाईंचं घर मुलीच्या नावावर होतं. (पार्कचं नाव घेत नाही, मला इथेच राहायचंय.) नवीन मॅनेजमेंट आलं आणि काही महिन्यांत नोटीस आली. सोबत मुलीच्या घराच्या कर-नोंदीची प्रत, एक्झेम्प्शनच्या ओळीवर पिवळा मार्कर मारलेला. भाडं चारशे डॉलरने वाढणार. बाई तो कागद माझ्या टेबलावर ठेवून नुसत्या बघत बसल्या. उत्तर द्यायला कायद्याने ९० दिवस मिळतात, ते वापरले, ज्येष्ठांना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेत गेलो. पण नोंद खरी होती, वकील तरी काय करणार? शेवटी घर आईच्या नावावर केलं. त्यासाठी आईलाच नवी खरेदीदार असल्यासारखा पार्ककडे अर्ज करावा लागला, उत्पन्नाचे कागद देऊन. मधल्या काळात वाढीव भाडं गेलं ते गेलंच.

तेव्हा बाबांचं नाव आईसकट टायटलवर (घराच्या मालकीच्या कागदावर) हवं *आणि* पार्कबरोबरच्या भाडेकरारावरही हवं. दोन्हीकडे.

पार्क विकण्याबद्दल उद्या लिहिते, आज संघटनेचं पत्रक टाइप करायचंय.

---

पोटमाळा

मावशी, दंडवत. मी काल एजंटला 'टायटल माझ्या नावावर' असं सांगूनही टाकलं होतं, आज सकाळी थांबवलं.

पण एक अडचण. बाबांचं इथलं उत्पन्न काहीच नाही, पेन्शन भारतातली. पार्क त्यांना मान्यता देईल का? आणि दोघं हिवाळ्यात तीन-चार महिने पुण्याला जाणार. त्याने 'मुख्य घर' जाईल का?

---

रानभूल

मी माउंटन व्ह्यूच्या एका पार्कात राहतो, ५५ चं नाही, साधं. शेवंतीताईंच्या 'हद्द आधी बघा' याला माझं जोरदार अनुमोदन.

आमच्या शहरात २०१६ साली मतदारांनी अपार्टमेंटसाठी भाडेनियंत्रण आणलं. आम्हाला वाटलं आपणही त्यात आलो. शहराच्या भाडे समितीने ठरवलं, नाही, मोबाइल होम यात बसत नाहीत. मग पुढची काही वर्षं सभा, सह्या, पुन्हा सभा. एका बाजूला मालकांचे वकील नीट इस्त्रीच्या सुटात, दुसऱ्या बाजूला आम्ही, कोणी नर्स, कोणी माझ्यासारखा स्टार्टअपमधला, शिफ्ट संपवून धावत आलेला सुतार, कडेवर पोर घेतलेली एक आई. २०२१ मध्ये कौन्सिलने मोबाइल होमसाठी वेगळा नियम केला. वाढ महागाईइतकी, पण २ ते ५ टक्क्यांच्या मध्येच. शहरातली सहाही पार्कं त्यात आली.

आता गंमत बघा. शेजारचं सनीवेल, तिथे असा नियम नाही. तिथे शहराने त्याच वर्षी मालकांशी सामंजस्य करार करायचा मार्ग घेतला. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण करार आणि कायदा यात फरक आहे. माझा ऑफिसातला मित्र तिकडे राहतो, आम्ही दोघं जेवताना भाडेवाढीच्या नोटिसा ताडून बघतो.

---

शेवंती

पोटमाळा, आधी तुझे दोन प्रश्न.

मान्यता: खरेदीदाराची भाडं भरायची ऐपत आहे का आणि आधीच्या भाडेकरारांत त्याने नियम पाळले का, एवढ्यावरच पार्क नकार देऊ शकतं (७९८.७४). अर्ज पूर्ण दिल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत त्यांनी लेखी उत्तर द्यायचं. बाबांच्या पेन्शनचे कागद, इथल्या बँकेतली शिल्लक, सगळं नीट इंग्रजीत लावून दे. तुझंही नाव टायटलवर सोबत ठेवता येईल का आणि हमी चालेल का, हे पार्कला आणि कर्ज देणाऱ्याला आधी विचार, लेखी विचार. ५५ च्या पार्कात तुझ्या वयाचा सहमालक म्हटलं की काहीजण नाक मुरडतात.

पुण्याला जाणं: कायद्याचं गृहीतक घर ज्याचं त्याच्या बाजूचं आहे. राज्यात दुसऱ्या घरावर एक्झेम्प्शन घेतलेलं नसेल आणि मुख्य घर राज्याबाहेर आहे असं सार्वजनिक नोंदींतून दिसत नसेल, तर हेच मुख्य घर मानलं जातं. तीन महिने जाऊन आल्याने काही बिघडत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, टॅक्स रिटर्न सगळीकडे इथला पत्ता असू दे. आणि घर काउंटीच्या मालमत्ता करात असेल तर बाबांनी त्याच्यावर होमओनर्स एक्झेम्प्शन घ्यावं. करपात्र किमतीत ७००० डॉलरची सूट, म्हणजे वर्षाला सत्तरेक डॉलर वाचणार. पैशांसाठी नाही, नोंदीसाठी घ्यायचं. (१ जुलै १९८० पूर्वी पहिल्यांदा विकलेली काही घरं अजून मालमत्ता करात नसून राज्याकडे वार्षिक फी भरतात. हे कोणत्या प्रकारातलं ते विचार.)

आता पार्क विकलं तर. विकणं आणि बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी. मालक बदलला तरी तुझा करार आणि शहराचा नियम तसेच राहतात. भीती बंद होण्याची. आमच्या सॅन होजेत ५९ पार्कं आहेत, जवळजवळ ११ हजार घरं. सिलिकॉन व्हॅलीतल्या जमिनीचा भाव बघता त्या प्रत्येकावर बिल्डरचा डोळा असणार, हे कळायला ज्योतिषी नको. २०२० च्या मार्चमध्ये शहराने विकास आराखड्यात 'मोबाइल होम पार्क' असा वेगळा जमीनवापर आणला आणि पहिल्यांदा वेस्टविंड्स आणि माउंटन स्प्रिंग्ज या दोन पार्कांना तो लावला. अर्थ असा की तिथे दुसरं काही बांधायचं तर मालकाला आराखडाच बदलून घ्यायला कौन्सिलपुढे, म्हणजे आमच्यापुढे, यावं लागणार. बंदी नाही ती. पण गुपचूप काही होणार नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने २०१८ मध्येच पन्नासहून जास्त पार्कांसाठी असाच वेगळा झोन केला होता. तू बघतोयस त्या पार्कचा जमीनवापर काय लिहिलाय, ते शहराच्या प्लॅनिंग खात्याच्या नकाशावर दिसेल. पत्ता टाकायचा आणि रंग बघायचा.

तरी बंद झालंच तर, मालकाला आधी परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. आणि त्याच एबी २७८२ मुळे २०२१ पासून, रहिवाशाला दुसऱ्या पार्कात योग्य घर मिळत नसेल तर त्याच्या घराची जागेवरची बाजारभावाची किंमत मोजावी लागते. जागेवरची, हे महत्त्वाचं. उचलून नेलेल्या लाकूड-पत्र्याची नाही.

---

हिशेबी

जागेवरची किंमत ठरवणार कोण? ॲप्रेझर. आणि बंद होणार अशी बातमी फुटल्यावर ती किंमत काय राहील?

---

शेवंती

प्रश्न बरोबर आहे. कायद्याने ॲप्रेझर राज्याचं प्रमाणपत्र असलेला हवा. पण भांडण तिथेच होतं, हे खरं. म्हणूनच मला पालो आल्टोचं उदाहरण जास्त पटतं.

एल कमिनो रियलवरचं ब्युएना व्हिस्टा. शहरातलं एकुलतं एक पार्क, सुमारे ४०० माणसं, बहुतेक लॅटिनो कुटुंबं, मुलं पालो आल्टोच्या नावाजलेल्या शाळांत. २०१२ मध्ये मालकांनी बंद करायचं जाहीर केलं, २०१५ मध्ये शहराने नियमाप्रमाणे परवानगीही दिली. नुकसानभरपाई घेऊन निघा, एवढंच उरलं होतं. रहिवासी निघाले नाहीत, कोर्टात गेले. इकडे काउंटीने आणि शहराने प्रत्येकी १ कोटी ४५ लाख डॉलर बाजूला काढले. बाकीची भर घालून काउंटीच्या हाउसिंग ऑथॉरिटीने २०१७ मध्ये ४ कोटींच्या थोड्या वर किमतीला पार्कच विकत घेतलं. हिशेबी, यात ॲप्रेझर आला असेल, पण माणसं तिथेच राहिली. हे सगळीकडे होणार नाही. एवढा पैसा कोणत्या काउंटीकडे असतो? पण लोकांनी ती पाच वर्षं तग धरली नसती तर पैसे काढायची वेळच आली नसती.

---

रानभूल

तक्रार कुठे करायची, हेही सांगून ठेवतो. राज्याच्या हाउसिंग खात्यात, एचसीडीत, २०२० पासून एमआरएलच्या तक्रारी घेतात. त्यासाठी प्रत्येक जागेमागे वर्षाला १० डॉलर गोळा होतात, तुमच्याही बिलात दिसतील. पण सगळ्या तक्रारी वकिलापर्यंत जात नाहीत, गंभीर असतील त्या निवडतात. भाडेवाढीचा प्रश्न असेल तर तिकडे जाऊ नका, तो शहराचा विषय.

---

पोटमाळा

सर्वांचे आभार. ठरवलं असं: टायटल आणि करार दोन्हीत आईबाबा, कर्जाला मी सोबत, करार १२ महिन्यांचा. नकाशावर पार्क शोधलं, 'मोबाइल होम पार्क' असाच जमीनवापर निघाला. हिशेबी, तुमचं गणित बाबांना दाखवलं. ते म्हणाले, 'मला नफा कमवायचा नाही, सकाळी सातला अंघोळ करायची आहे.'

मावशी, शेवटचं एकच. ऑफर देण्याआधी अजून काही तपासू का?

---

शेवंती

बाबा पटले मला!

तीन गोष्टी. ती विशिष्ट जागा शहराच्या नियमात येते का, ते शहराच्या हाउसिंग खात्यातल्या भाडेनियंत्रण विभागाला पत्ता आणि स्पेस नंबर देऊन विचार. उत्तर ईमेलवर घे, फोनवरचं नको. घर विकल्यावर नव्या मालकासाठी भाडं वाढवणार आहेत का, की आत्ताचे १३०० च राहणार, हे पार्ककडून लेखी माग. विकणाऱ्या बाई १३०० सांगताहेत ते *त्यांचं* भाडं असू शकतं. आणि शेजारच्या दोन-तीन घरांची दारं वाजव. रहिवासी संघटना आहे का, शेवटची सभा कधी झाली, एवढंच विचार. संघटना असेल तर आईबाबांना पहिल्याच महिन्यात सभासद कर. नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, सुरू कशी करायची ते पत्रकासकट पाठवते.